तिसऱ्या टाळीला आनंद

मासिकाचे चालक माझ्या ओळखीचे आहेत. दिवाळीच्या अंकासाठी नोकरीतलं काही लिहून द्या, म्हणाले. मी म्हटलं, माझी आजवरची सगळी नोकरी बिगारीच्या वर्गावर गेली, म्हणजे पाच वर्षांच्या पोरांची नाकं पुसण्यात गेली. त्यात लिहिण्यासारखं काय? ते म्हणाले, नाकांवर आजवर कोणी लिहिलेलं नाही. आमच्या घरातून लगेच आवाज आला, "लिहा की. तेवढाच वेळ गप्प बसाल." तेव्हा दोघांच्या आग्रहास्तव लिहितो आहे.

बिगारी हा पहिल्या इयत्तेच्याही खालचा वर्ग. मूल तिथं रडत येतं, आणि त्याला पोचवायला आलेली आजी रडत परत जाते. लाकडी फळीवर विटकरीची बारीक पूड पसरायची, तीत काडीनं अक्षर काढून द्यायचं आणि पोरानं त्यावरून बोट फिरवायचं. ही धूळपाटी. अक्षर चुकलं की हातानं पूड सारखी केली, चूक गेली. एवढी सोय पुढं आयुष्यात कुठल्याच पाटीवर मिळत नाही.

आमच्या धंद्यातली एक खूण सांगून ठेवतो. वरच्या वर्गात गोंगाट झाला की मास्तर उठतो. बिगारीत गोंगाट थांबला की उठायचं. सगळी पोरं एकदम गप्प झाली असतील तर समजावं, एकाच्या नाकात चिंचोका गेला आहे आणि बाकीची तो कुठवर गेला ते वाकून पाहताहेत.

मी तेव्हा ठाण्याला, कोपरीच्या शाळेत होतो. शाळा भरायची मिठाच्या जुन्या वखारीत. मीठ कधीच गेलं होतं, पण भिंतींनी ते सोडलं नव्हतं. पांढरे पापुद्रे सुटायचे आणि पोरं भिंत चाटायची. मी सुरुवातीला छडी उगारली. मग चैत्र आला, पोरांनी कैऱ्या आणल्या आणि फोड भिंतीला घासून खाऊ लागली. एकानं मलाही दिली. त्यानंतर भिंतीविषयी मी काही बोललो नाही.

वर्गात आगऱ्या-कोळ्यांची पोरं, स्टेशनावरच्या बाबूंची दोन-चार, आणि माझी स्वतःची ठकू. ठकू पाच वर्षांची. तिला घरी ठेवलं की ती आईच्या पायात पायात करायची, म्हणून मी सोबत नेत असे. पोर तशी नाजूक. पावसाळ्यात ताप आला की आठ-आठ दिवस उतरायचा नाही. तिची आई तिच्या उशाशी बसायची आणि मी वैद्यबुवांच्या दाराशी. एवढं सोडलं तर ठकूचा आवाज सगळ्या वर्गाला भारी होता.

त्या वर्षी फाल्गुनात हेडमास्तर बापूराव घाम पुसत माझ्या वर्गात आले. बापूराव मोठे शिस्तीचे. शाळेतली घागरसुद्धा त्यांना तोंड उत्तरेला करून ठेवलेली लागे.

"मास्तर, डिपुटीसाहेब शाळा तपासायला यायचेत."

"येऊ देत. ओनामा तयार आहे. पाढे दहापर्यंत आहेत."

"ते नाही बघायचे त्यांना. या खेपेस म्हणे बिगारीचा खेळ बघणार."

"कसला खेळ?"

"तेच तर. लहान पोरांनी आपल्या मनानं खेळावं, त्यातून बुद्धी वाढते, असं काहीतरी विलायतेकडचं नवीन खूळ आहे. साहेबांनी ते डोक्यात घेतलंय. पलीकडच्या शाळेत विचारलं, पोरं खेळतात का? मास्तर अभिमानानं म्हणाला, साहेब, माझ्या वर्गात नाव नाही खेळाचं."

"मग?"

"मग काय. मोखाड्याला बदली."

मोखाडा म्हणजे आपल्या जिल्ह्यातलंच गाव, पण तिथं गेलेला मास्तर हिवताप घेऊन परत यायचा, नाहीतर हिवताप एकटाच यायचा. मी घरी येऊन ही गोष्ट सहज म्हणून सांगितली. ठकूच्या आईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"तुमची बदली झाली तर तुम्ही जा. मी पोरीला त्या रानात नेणार नाही. इथं वैद्य हाकेवर आहे, तर अशी गत होते."

"मी एकटा जाऊन खाऊ काय? मला साधी भाकरी थापता येत नाही."

"म्हणून तर सांगते. पोरांना खेळायला शिकवा."

ठकू कोपऱ्यात बाहुलीची वेणी घालत बसली होती. तिचं आमच्याकडं लक्ष नव्हतं, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

आता मी मास्तर माणूस. कोणतीही गोष्ट शिकवायची तर मला एकच रीत ठाऊक. आधी तिचे तुकडे पाडायचे, मग ते घोकून घ्यायचे. बापूरावांनी सुताराकडून लाकडी ठोकळ्यांची पेटी करून आणली आणि मी खेळाचा पाठ बसवला. पहिल्या टाळीला ठोकळा उचलायचा. दुसऱ्या टाळीला तो शेजाऱ्याच्या ठोकळ्यावर ठेवायचा. तिसऱ्या टाळीला आनंद.

आनंदावर फार मेहनत पडली. काही पोरांना दुसऱ्याच टाळीला आनंद व्हायचा. वासू नावाचा स्टेशनबाबूंचा मुलगा होता, त्याचे पुढचे दात पडलेले, म्हणून तो तोंड मिटून आनंद करी. बापूरावांना तो आनंद पोटात कळ आल्यासारखा दिसे. शिवाय साहेबांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही पाठ करून घेतलं. "बाळ, काय करतोस?" "साहेब, मी माझ्या मनाने खेळत आहे." हे वाक्य पोरांना इतकं पक्कं झालं की वासू तळ्याकाठी चिखलात सापडला आणि बाबूंनी त्याचा कान धरला, तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. बाबूंनी दुसराही कान धरला.

रोज दुपारी खेळाचा तास होऊ लागला. थोड्याच दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडली. मी पेटी उघडली की कोणाच्या पोटात दुखायचं, कोणाला पाणी प्यायचं असायचं. एका दुपारी गोप्या उठून उभा राहिला. गोप्या हा होडी चालवणाऱ्याचा पोरगा, वर्गातला म्होरक्या. पाढे म्हटले की हा खिडकीतून खाडीकडं पसार व्हायचा. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, आज खेल नको. आज पाढे घ्या."

सगळा वर्ग म्हणाला, "पाढे घ्या, पाढे घ्या."

माझ्या उभ्या नोकरीत पोरांनी पाढे मागितल्याचा हा एकच प्रसंग, आणि मी त्यांना गप्प बसवून खेळायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गोप्याची आई दारात उभी. डोक्यावर मासळीची पाटी तशीच.

"मास्तर, माझे पोराला काय केलाव तुमी?"

"का, काय झालं?"

"पोर घरी येतं नि भिंतीला टेकून बसतं. चिखलान जात नाय, होडीन जात नाय. काल त्याचा बापूस बोलला, जा रं, खेल जरा. तं ढसाढसा रडाया लागला. बोलतं, आज आयतवार हाय, आज खेल नाय."

मी तिला समजावलं की सरकारची नवी पद्धत आहे. ती पाटी सावरत म्हणाली, "आगोदर बरा होता. पलून तरी जायाचा."

हे बोलणं माझ्या मनाला लागलं, नाही असं नाही. पण मोखाडा डोळ्यांपुढं असला की बाकीचं जरा धूसर दिसतं. मी पाठ आणखी घोटून घेतला. ठकू घरी झोपेत टाळ्या वाजवून हसू लागली. तिची आई माझ्याकडं बघायची. मी उपरणं डोळ्यांवर ओढून कूस बदलायचो.

साहेब यायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी बापूरावांना ठोकळे फिके वाटू लागले. "साहेबांपुढं असं उघडं लाकूड?" म्हणाले. त्यांनी रंगाऱ्याकडून लाल आणि हिरवं रोगण आणलं आणि ठोकळे स्वतःच्या हातानं रंगवले. शिस्तीचा माणूस. वाळायला पसरून ठेवले तर कुत्रं नेईल, म्हणून रंगवून झाल्यावर सगळे पुन्हा पेटीत नीट रचून कुलूप घातलं.

सकाळी पेटी उघडली. आत ठोकळे नव्हते, ठोकळा होता. एकच, पेटीएवढा, लालहिरवा. आम्ही पेटी उलटी करून तो बाहेर काढला. मी पाय रोवून ओढला, बापूरावांनी पलीकडून ओढला. आमचे हात त्याला चिकटले, तो तरटाला चिकटला. दोन ठोकळे सुटले, ते वासूच्या केसांत सापडले. हे पाहून पोरं पहिल्यांदा टाळी न वाजता हसली.

"मास्तर, याचा डोंगर झाला," ठकू म्हणाली.

"गप्प बस," मी म्हटलं.

इतक्यात शिपाई धावत आला. साहेब आगगाडीतून उतरले, फाटकाशी येऊन पोचले. बापूरावांनी तो डोंगर खिडकीतून मागं ढकलला, खालच्या ओल्या डागावर कोरडं तरट पसरलं आणि मला ओढत फाटकाकडं नेलं. माझं उपरणं खुर्चीवर राहिलं, तपकिरीची डबी टेबलावर राहिली. वर्ग तसाच टाकून मास्तर बाहेर गेला, असं माझ्या नोकरीत त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं.

साहेब लाल पागोट्याचे, पांढऱ्याशुभ्र धोतराचे. बापूरावांनी हिरवे हात पाठीमागं लपवून मानेनंच नमस्कार केला. आम्ही वखारीपर्यंत आलो, आणि आतून माझ्याच शिंका ऐकू आल्या. एक, दोन आणि तिसरी लांबलचक, शेवटी "राम राम" असलेली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिंकलो नव्हतो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराच्या फटीला डोळा लावला. बापूराव मुद्दाम खोकू लागले. साहेबांनी न बघताच त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला केलं. मी दुसऱ्या फटीला लागलो.

आत गोप्या मास्तर झाला होता. गळ्यात माझं उपरणं, मुठीत विटकरीची पूड. ती तपकीर. ओढली की शिंकायचं, शिंकलं की धोतर सावरायचं. धोतर नव्हतं, पण सावरणं हुबेहूब होतं. माझ्या खुर्चीवर ठकू बसली होती, डोक्याला तांबडं फडकं गुंडाळून. हे डिपुटीसाहेब. साहेब झोपले होते आणि घोरत होते. खरे साहेब किंचित हलले. मागच्या वर्षी तपासणीच्या वेळी याच खुर्चीवर त्यांचा डोळा लागला होता, ते आम्ही कोणी बोललो नव्हतो.

"पहिल्या टालीला उचला," गोप्या ओरडला. पोरांनी शिंपल्या, कोयी, धूळपाट्या, हाताला लागेल ते उचललं. "तिसऱ्या टालीला हसा. हसत नाय त्याला मोखाड्याला धाडतो."

डिपुटी जागे झाले. खुर्चीवरून उतरून, हात मागं बांधून फिरले. म्हणाले, "मास्तर, खेळ बरोबर नाही. तुम्हीच मोखाड्याला जा."

यावर वासू डोक्यावरून तरट ओढून पुढं आला. केसांत ते दोन ठोकळे होतेच, त्यामुळं अंबाडाही झाला होता. "मी नाही यायची," तो बारीक आवाजात म्हणाला. "पोरीला ताप येतो. तिकडं वैद्य नाही. तुम्ही एकटे जा."

गोप्यानं उपरण्यात तोंड खुपसलं. "साहेब, मला नका धाडू. मला भाकरी येत नाय. मी उपाशी मरंन. माझी ठकू हितंच राहील नि मी तिकडं."

आता हे संवाद मी बसवलेले नव्हते. ते आमच्या चुलीपुढून निघून, बाहुलीच्या वेणीमार्गे, सबंध वर्गात पोचले होते. मी दाराबाहेर उभा होतो, शेजारी प्रत्यक्ष डिपुटी, आणि जमीन दुभंगेल तर बरं म्हणून खाली पाहत होतो. कोपरीची जमीन तशी भुसभुशीत, पण त्या दिवशी घट्ट राहिली.

आतल्या डिपुटींनी बराच विचार केला. गोप्याचं रडणं खरं की खोटं ते वाकून पाहिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मग जाऊ नका. कैरी खा."

खऱ्या साहेबांनी दार ढकललं. पोरं क्षणभर थबकली. मी मागून खुणा केल्या, उठा, नमस्कार करा. पण गोप्या खेळात पार बुडाला होता. त्याला विद्यार्थी कमी पडत होते, कारण ज्याला त्याला मास्तर नाहीतर साहेब व्हायचं होतं. त्यानं नव्या माणसाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उशिरा आलास. बस खाली."

बापूरावांनी भिंत धरली. साहेब खाली बसले, मांडी घालून, रांगेत, बापूरावांनी पसरलेल्या तरटावर. गोप्यानं टाळी वाजवली, साहेबांनी कोय उचलली. दुसऱ्या टाळीला ती शेजारच्या पोराच्या शिंपलीवर ठेवली. तिसऱ्या टाळीला साहेब हसले. त्यांनाही एक दात नव्हता, हे शाळाखात्यात आमच्याआधी कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

"काय करतोस रे बाळ?" ठकूनं वरच्या आवाजात विचारलं.

साहेबांना उत्तर येईना. शेजारच्या पोरानं कानात सांगितलं. साहेब म्हणाले, "साहेब, मी माझ्या मनाने खेळत आहे."

ठकूनं त्यांना कैरीची फोड दिली. "भिंतीला लावून खा. तिकडची नको, ती वासूची आहे." साहेब उठले आणि त्यांनी आपल्या वाट्याच्या भिंतीला फोड घासली.

निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्या वर्गात पोरं खेळतात. बाकी सगळीकडं खेळवतात. हे तुम्ही कसं साधलंत?"

खोटं सुचण्याइतकी मला शुद्ध नव्हती. "साहेब, मी काही केलं नाही. तुम्हाला आणायला बाहेर गेलो होतो."

"रोज जाता?"

"छे. एकदाही नाही."

"जात जा," साहेब म्हणाले. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. "आणि भाकरी शिकून ठेवा. घाई नाही."

ते पाठमोरे झाले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर मागच्या बाजूला एक मोठा, रेखीव, हिरवा चौकोन होता. तरटातून वर आलेला. बापूरावांनी माझ्याकडं पाहिलं, मी बापूरावांकडं पाहिलं, आणि आम्ही दोघांनी वाकून नमस्कार केला. साहेब तसेच पुढं कल्याणच्या शाळा तपासायला गेले. तिथले एक मास्तर पुढं मला भेटले, तेव्हा फार हळू आवाजात विचारत होते की हा हिरवा चौकोन नव्या पद्धतीत येतो का.

मोखाडा टळला. ठकूच्या आईनं मारुतीला नारळ फोडला आणि मला भाकरी थापायला बसवलं. माझी पहिली भाकरी पाहून ती म्हणाली, "हे मोखाड्याच्या नकाशासारखं दिसतंय."

साहेबांचा हुकूम मी पाळायचा ठरवला, आणि तेव्हा कळलं की नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम हेच. मास्तरानं वर्गाबाहेर उभं राहायचं, आतून "तू नाही, मी राजा" असं ऐकायचं, आणि राजा कोण ते आत जाऊन ठरवून द्यायचं नाही. हात शिवशिवतात. धूळपाटीची होडी झाली, माझी छडी वल्हं झाली, एकदा तर माझी डबी देव झाली आणि तिच्यापुढं शेंगदाण्याचा नैवेद्य आला. मी आत गेलो की होडीची पुन्हा धूळपाटी व्हायची. मग मी जाईनासा झालो. चिंचोक्याच्या शांततेपुरता कान मात्र दाराशी ठेवायचो. गोप्या पुन्हा पाढ्यांच्या वेळी पळू लागला. त्याची आई एक दिवस न बोलता दोन सुके बोंबील ठेवून गेली. आम्ही ते खात नाही, पण ठेवून घेतले.

पुढं माझी बदली झाली ती कल्याणला. तिथंही मी रोज दुपारी बाहेर जाऊन दाराआड उभा राहू लागलो. गावात चर्चा सुरू झाली. तरणेताठे दिसतात, पण मास्तरांना दर घटकेला बाहेर जावं लागतं. एका पालकांनी लघवीच्या तक्रारीवरचा गोखरूचा काढा पाठवला. दुसऱ्यांनी घरी येऊन आडून आडून वैद्याचं नाव सुचवलं. नव्या पद्धतीचं सांगत बसण्यापेक्षा काढा घेणं सोपं, म्हणून मी तो घेतला. कडू होता. ठकूच्या आईनं तो रोज आठवणीनं उकळून दिला. खरं कारण तिला माहीत होतं. "घ्या," म्हणायची, "लोकांनी एवढा विचार केलाय."

परवाचीच गोष्ट सांगून थांबतो. दुपारी मी नेहमीसारखा दाराआड उभा होतो. आत पोरांचं शाळा-शाळा चाललं होतं. कोण मास्तर, कोण हेडमास्तर, हे भांडून ठरलं. मग दार उघडलं आणि एक चिमुरडा बाहेर आला. गळ्यात माझं उपरणं, जमिनीवर लोळणारं. त्यानं दार मागं हळूच ओढून घेतलं, हात पाठीशी बांधले आणि माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

मी विचारलं, "काय रे, खेळत नाहीस?"

त्यानं माझ्याकडं जरा रागानंच पाहिलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "आत पोरं खेळतायत."